भाला फेकणाऱ्या खांद्यात अर्धवट चीर : टाके घालण्याआधी एवढं समजून घे

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगी १९ वर्षांची, सातारा जिल्ह्यातली, उजव्या हाताने भाला फेकते. आठ महिने झाले, खांदा मागच्या बाजूने दुखतो. हात मागे ताणून भाला ओढायच्या क्षणी कळ येते आणि अंतर पाच-सहा मीटरनी घटलं आहे. एमआरआयच्या अहवालात 'सुप्रास्पायनेटस टेंडनला सांध्याच्या बाजूने अर्धवट चीर, जाडीच्या साधारण ४० टक्के' असं आलं (टेंडन म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारा चिवट पट्टा; सुप्रास्पायनेटस हा खांद्याचा एक स्नायू). एका डॉक्टरांनी दुर्बिणीतून टाके घालू म्हणून सांगितलं, दुसऱ्यांनी भाला सोडून दे म्हटलं. विद्यापीठाची स्पर्धा चार महिन्यांवर आली आहे. काय करावं, असं ती विचारते.

तू माझ्या मुलीच्या वयाची आहेस, म्हणून एकेरीत लिहितो. मी बावीस वर्षं खांद्यांच्या शस्त्रक्रिया करतो आहे आणि त्यातले बरेच खांदे खेळाडूंचे होते. माझं उत्तर आधी सांगून टाकतो: टाके आत्ता नकोत, आणि भाला सोडायचीही गरज नाही. निदान तीन महिने नीट, मोजून-मापून व्यायाम आणि त्यातच सहा आठवड्यांनंतर पायरीपायरीने फेक. तेवढ्याने भागलं नाही तरच शस्त्रक्रिया, आणि तीही शक्यतो टाके न घालता. आता कारणं सांगतो, कारण ती पटली नाहीत तर हे तीन महिने तू नेटाने पार पाडणार नाहीस. तीन आठवड्यांत बरं वाटलं की मैदानात जाशील. माझ्याकडच्या निम्म्या मुलामुलींचं असंच झालेलं आहे.

खांद्याचा सांधा म्हणजे शाळेतली लिंबू-चमच्याची शर्यत समज. दंडाच्या हाडाचा गोळा मोठा, ज्या वाटीत तो बसतो ती उथळ आणि लहान. लिंबू चमच्यात ठेवून चालणं सोपं असतं, पण तू पूर्ण वेगाने धावत येऊन, एका पायावर थांबून, तोच हात चाबकासारखा फिरवतेस. तरी लिंबू पडत नाही, कारण चार स्नायूंची टेंडन एकमेकांत मिसळून त्या गोळ्याला चहूबाजूंनी धरून ठेवतात. सुप्रास्पायनेटस वरून, इन्फ्रास्पायनेटस आणि टेरिस मायनर मागून, सबस्कॅप्युलॅरिस पुढून. या चौघांना मिळून रोटेटर कफ म्हणतात.

तुझी चीर सुप्रास्पायनेटसच्या आतल्या, म्हणजे सांध्याकडच्या अंगाला आहे. हे टेंडन साधारण १० ते १२ मिलिमीटर जाड असतं. त्याच्या ४० टक्के म्हणजे चारपाच मिलिमीटर. एलमन यांनी १९९० मध्ये केलेली वर्गवारी आम्ही अजून वापरतो: ३ मिलिमीटरपेक्षा कमी खोल ती पहिली पायरी, ३ ते ६ दुसरी, आणि ६ च्या वर किंवा निम्म्याहून जास्त जाडी गेली तर तिसरी. तू दुसऱ्या पायरीत येतेस. वरचा अर्ध्याहून जास्त भाग शाबूत आहे, हाडाला घट्ट चिकटलेला आहे आणि काम करतो आहे. 'फाटलंय' हा शब्द ऐकून तुझ्या घरच्यांच्या डोळ्यांपुढे दोन तुकडे झालेली दोरी आली असेल. तसं काही झालेलं नाही. वडिलांना हे नक्की सांग.

ही चीर आतल्या बाजूलाच का पडली, ही खरी विचार करण्याची गोष्ट आहे. साठीच्या माणसाचं टेंडन झिजतं, त्याची कारणं वेगळी. फेकणाऱ्यांत दोन गोष्टी घडतात. पहिली, हात मागे पूर्ण ताणलेला असताना दंडाच्या हाडाचा वरचा उंचवटा वाटीच्या मागच्या-वरच्या कडेला टेकतो आणि मधे टेंडनचं आतलं अंग चिमटीत सापडतं. फ्रान्सचे शल्यविशारद जील वॉल्श यांनी १९९२ मध्ये हे दुर्बिणीतून पाहून मांडलं. थोडंसं टेकणं सगळ्यांच्याच खांद्यात होतं आणि ते निरुपद्रवी असतं. पण कोपर पाठीच्या रेषेच्याही मागे राहून गेलं, म्हणजे छाती आधी उघडली आणि हात मागे लटकला, की टेकण्याचं चिमटणं होतं. दर फेकीला तसं झालं तर टेंडनची आतली बाजू आणि वाटीच्या कडेचं लॅब्रम (वाटीभोवतीची चिवट किनार) दोन्ही उसवायला लागतात. दुसरी गोष्ट भाला सुटल्यानंतरची. एवढ्या वेगाने पुढे गेलेल्या हाताला थांबवायचं कुणी? मागच्या स्नायूंनी. बेसबॉलच्या पिचरवर, म्हणजे चेंडू टाकणाऱ्या खेळाडूवर, झालेल्या मोजमापांत खांदा आत फिरण्याचा वेग सेकंदाला सुमारे ७००० अंश भरला आणि हात सांध्यातून बाहेर खेचणारी ताकद जवळजवळ शरीराच्या वजनाएवढी. भाल्यात फेकी त्यांच्यापेक्षा खूप कमी होतात, पण बेसबॉलचा चेंडू दीडशे ग्रॅमच्याही आत असतो आणि तुझा भाला ६०० ग्रॅमचा.

तू लिहिलंयस की कळ हात मागे ताणताना येते आणि मागच्या बाजूला येते. हे चिमटण्याचं लक्षण आहे. भाला सुटल्यावर दुखत असतं तर मी थांबवणाऱ्या स्नायूंकडे आधी बघितलं असतं. आणि रात्री झोपेत दुखतं, हात वर उचलायला ताकदच येत नाही, एका विशिष्ट फेकीत 'कट्' झालं आणि त्या दिवसापासून हात लुळा पडला, यातलं काही असतं तर हे सगळं उत्तर बदललं असतं. तसं काही तुझ्या पत्रात नाही.

आता एमआरआयबद्दल. हा तपास खोटं बोलत नाही, पण आपण त्याला चुकीचा प्रश्न विचारतो. २००३ साली कॉनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अजिबात दुखत नसलेल्या, वरच्या दर्जाच्या टेनिस आणि बेसबॉल खेळाडूंच्या खांद्यांचा एमआरआय केला. ज्या हाताने खेळतात त्या २० खांद्यांपैकी ८ मध्ये रोटेटर कफला अर्धवट किंवा पूर्ण चीर दिसली. दुसऱ्या हाताच्या खांद्यांत एकही नाही. आणि पुढची पाच वर्षं त्यांच्यापैकी कुणालाही त्या खांद्यासाठी उपचार घ्यावे लागले नाहीत. खेळाडू फक्त वीस, म्हणजे अभ्यास लहान. पण माझ्या विचाराची दिशा त्याने बदलली. फेकणाऱ्या हातात थोडी चीर असणं म्हणजे पैलवानाचा कान सुजलेला असण्यासारखं आहे. तो कान दुखण्याचं कारण असेलच असं नाही. तुझी चीर कदाचित दोन वर्षं जुनी असेल. दुखायला लागलं आठ महिन्यांपूर्वी. मग आठ महिन्यांपूर्वी काय बदललं?

मला विचारशील तर सगळ्यात आधी हाच प्रश्न तुझ्या प्रशिक्षकांबरोबर बसून सोडव. माझा एक अंदाज आहे. १८ वर्षांखालच्या मुली ५०० ग्रॅमचा भाला फेकतात, त्या गटातून बाहेर पडलं की ६०० ग्रॅमचा हातात येतो. एका हंगामात वजन पाचव्या हिश्श्याने वाढतं, पण फेकींची संख्या बहुतेक जण तीच ठेवतात. तुझ्या वयाकडे बघता हे नुकतंच घडलेलं असणार. दुसरी शक्यता पायाची. गेल्या वर्षभरात डावा घोटा मुरगळला होता का? डावा गुडघा? उजव्या हाताने फेकणाऱ्याचा डावा पाय म्हणजे खांब. तो ताठ रोवला गेला तर धावण्यातला सगळा वेग कंबरेतून धडात आणि धडातून हातात चढतो. तो गुडघ्यात वाकला की वेग जमिनीतच जिरतो आणि कमी पडलेलं सगळं खांद्याला भरून काढावं लागतं. टेनिसच्या सर्व्हिसवर किब्लर यांनी हिशेब मांडला होता: एकूण ऊर्जेतली निम्म्याहून अधिक पाय आणि धड देतात, आणि त्यांच्याकडून येणारी ऊर्जा २० टक्क्यांनी घटली तर तेवढाच जोर राखायला खांद्याला ३४ टक्के जास्त वेगाने फिरावं लागतं. मी तरी खांदा तपासायच्या आधी मुलांना एका पायावर बैठक मारायला लावतो. गुडघा आत पडला, कंबर एका बाजूला झुकली की दुखण्याचं मूळ बरेचदा तिथेच सापडतं.

इथे थोडं विषयांतर करतो, कारण हे वाचणाऱ्या पालकांसाठी आणि क्रीडाशिक्षकांसाठी ते गरजेचं आहे. ७ ऑगस्ट २०२१ ला नीरज चोप्राने टोकियोत ८७.५८ मीटर फेकून सुवर्णपदक जिंकलं, त्यानंतर तालुक्याच्या मैदानांवरही भाले दिसायला लागले. मला त्याचा मनापासून आनंद आहे. पण शाळेत भाला एकच असतो आणि तो बरेचदा मोठ्या पुरुषांचा, ८०० ग्रॅमचा. चौदा-पंधरा वर्षांची मुलं तो फेकताना मी पाहिली आहेत. १८ वर्षांखालच्या मुलांचा भाला ७०० ग्रॅमचा असतो, आणि त्याहून लहानांनी चेंडूने सुरुवात करावी. या वयात दंडाच्या हाडाच्या वरच्या टोकाची वाढीची पट्टी उघडी असते. अशा मुलाचा खांदा दुखला तर टेंडनपेक्षा आधी त्या पट्टीला इजा झाल्याचा संशय घ्यायचा, दोन्ही खांद्यांचा साधा एक्स-रे काढायचा आणि फेक पूर्ण थांबवायची.

तुझ्याकडे परत येतो. पहिल्या भेटीत फिजिओने काय मोजायला हवं ते सांगतो, म्हणजे ते झालं नाही तर तू मागू शकशील. पाठीवर झोपायचं, दंड बाजूला ९० अंशांत, कोपर ९० अंशांत वाकवलेलं. खांद्याचं पातं हाताने दाबून धरून हात मागे किती फिरतो आणि पुढे-आत किती फिरतो, ते दोन्ही बाजूंनी मोजायचं. फेकणाऱ्यांचा हात मागे जास्त आणि आत कमी फिरतो. लहानपणापासून फेकल्यामुळे दंडाचं हाडच थोडं पिळलेलं राहतं, तो दोष नाही. म्हणून नुसतं 'आत कमी फिरतो' एवढ्यावरून घाबरायचं नाही, दोन्हींची बेरीज बघायची. डावीकडे १०० आणि ६० म्हणजे १६०, उजवीकडे ११५ आणि ४३ म्हणजे १५८; हे ठीक आहे. पण उजवीकडे ११० आणि ३० भरले तर बेरीज १४०, म्हणजे वीस अंश कुठेतरी हरवले. खांद्याची मागची बाजू आखडली आहे आणि ती गोळ्याला वाटीत वर-मागे ढकलते आहे. बेरजेतला फरक पाच अंशांपेक्षा जास्त असेल तर मी तो आधी मिटवतो.

मग पातं. तुला शर्टाशिवाय पाठीमागून बघायला हवं. स्त्री फिजिओ असेल तर उत्तम, पण हे संकोचाने टाळू नकोस. दोन्ही हातांत किलो-किलोचं वजन घेऊन हात सावकाश वर-खाली करायचे. उजवं पातं खाली घसरलेलं, पुढे झुकलेलं, त्याची आतली कड पाठीवरून उचललेली दिसली, तर वाटीच चुकीच्या जागी आहे. मग टेंडनला कितीही औषध दिलं तरी ते चिमटत राहणार. इन्फ्रास्पायनेटसचा मांसल भाग डाव्यापेक्षा खोल गेलेला दिसला तर मात्र लगेच डॉक्टरांना सांगायचं. लॅब्रमच्या चिरेतून पाण्याची गाठ तयार होऊन ती तिथल्या नसेवर दाबू शकते, आणि तिचा उपचार पूर्ण वेगळा असतो. तुझ्या एमआरआयच्या अहवालात लॅब्रमबद्दल काय लिहिलंय ते तू कळवलेलं नाहीस. ते वाच. नुसता कागद नको, फिल्म किंवा सीडी घेऊन जा.

आता उपचार. पहिले सहा आठवडे फेक बंद. फक्त फेक, सराव नव्हे. धावणं, उड्या, बैठका, पोटाचे आणि कंबरेचे व्यायाम जोरात चालू ठेवायचे. हीच वेळ डावा पाय खांबासारखा करायची. बारवर लटकणं, डोक्यावर वजन उचलणं आणि बेंच प्रेस या काळात नको. वेदनाशामक गोळ्या फार तर सुरुवातीचे पाच-सात दिवस, त्याही डॉक्टरांना विचारून. उजव्या कुशीवर झोपू नकोस.

ताणण्याचे व्यायाम रोज. उजवा हात छातीसमोरून डाव्या खांद्याकडे न्यायचा आणि डाव्या हाताने कोपराशी ओढून ३० सेकंद धरायचा, पाच वेळा. पातं भिंतीला किंवा जमिनीला टेकवून स्थिर ठेवलं तरच मागची बाजू ताणली जाते, नाहीतर नुसतं पातं सरकतं. कुशीवर झोपून हात खाली दाबायचा तो प्रसिद्ध व्यायामही चालतो, पण चिमटणाऱ्या खांद्यात तो बरेचदा दुखतो. दुखला तर सोडून दे, पहिला पुरेसा आहे. छातीचे स्नायू दाराच्या चौकटीला हात लावून मोकळे करायचे. टॉवेलची गुंडाळी पाठीखाली आडवी घालून पाठ मागे वाकवायची. विद्यार्थ्यांच्या पाठी हल्ली पुस्तक आणि मोबाइलमुळे पुढे वाकलेल्या असतात, आणि पाठ ताठ होत नसेल तर तेवढं वाकणं खांद्याच्या वाट्याला येतं.

ताकदीचे व्यायाम पात्यापासून सुरू करायचे. भिंतीला हात टेकून जोर मारायचा आणि शेवटी पाठ किंचित गोल करत भिंतीला अजून ढकलायचं, याने सेराटस, म्हणजे पातं बरगड्यांशी धरून ठेवणारा स्नायू, जागा होतो. पालथं झोपून दोन्ही हात डोक्याच्या वर तिरपे, अंगठे आभाळाकडे, उचलायचे; याने पाठीतल्या ट्रॅपिझियस स्नायूचा खालचा भाग. मग रोटेटर कफ: डाव्या कुशीवर झोप, उजव्या काखेत टॉवेलची गुंडाळी, कोपर ९० अंशांत, एक किलोचा डंबेल सावकाश वर आणि त्याहून सावकाश खाली. पंधराचे तीन संच, दिवसाआड. दिसायला हा व्यायाम इतका साधा आहे की मुलं तो टाळतात, पण इन्फ्रास्पायनेटसला याच्याइतकं कामाला लावणारे व्यायाम थोडे आहेत. अंगठा जमिनीकडे करून हात वर उचलायचा जुना व्यायाम मात्र करू नकोस, त्याने टेंडन दाबलं जातं. चौथ्या-पाचव्या आठवड्यापासून तेच काम दंड खांद्याच्या उंचीला ठेवून रबरी पट्ट्याने करायचं. मग दोन हातांनी मेडिसिन बॉल, मग एका हाताने हलका चेंडू झेलून थांबवणं. थांबवण्याच्या ताकदीवर मी जास्त भर देतो. तुझ्यासारख्या मुली फेकण्याची ताकद वाढवतात, ब्रेक तसाच राहतो.

यातच खाण्याचं सांगतो. होस्टेलच्या मेसवर राहत असशील तर प्रथिनं पोटात नेमकी किती जातात ते एकदा मोज. पाळी अनियमित झाली असेल किंवा थांबली असेल तर ते कुणाला तरी सांग. शरीराला खर्चाएवढं अन्न मिळत नसल्याची ती खूण असू शकते, आणि अशा शरीरात हाड आणि टेंडन दोन्ही नीट भरत नाहीत.

इंजेक्शनबद्दल तुला कुणीतरी सुचवेलच. टेंडनच्या वरच्या पिशवीत स्टिरॉइडचं एक इंजेक्शन काही आठवडे दुखणं कमी करतं, आणि तरुण फेकणाऱ्यात नेमका तोच त्याचा धोका आहे. दुखत नाही म्हणून फेक सुरू होते आणि चीर वाढते. वारंवार दिलं तर टेंडन कमकुवत होतं. शिवाय १ जानेवारी २०२२ पासून कुठल्याही मार्गाने टोचलेलं ग्लुकोकॉर्टिकॉइड, म्हणजे हेच स्टिरॉइड, स्पर्धेच्या काळात जागतिक उत्तेजकविरोधी यादीत बंदी असलेलं आहे, खांद्यातलं धरून. स्पर्धेच्या तोंडावर घेतलंस आणि नाडाने (राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेने) नमुना घेतला तर 'डॉक्टरांनी दिलं' एवढं उत्तर पुरत नाही. पीआरपीवर, म्हणजे स्वतःच्याच रक्तातल्या प्लेटलेटच्या इंजेक्शनवर, २०११ पासून बंदी नाही, पण फेकणाऱ्यांच्या अर्धवट चिरेत ते व्यायामापेक्षा जास्त काही देतं याचा पुरावा मला समाधानकारक वाटत नाही. पैसे खर्च करायचेच असतील तर चांगल्या फिजिओवर कर.

सहा आठवड्यांनी पुन्हा मोजायचं. दाबून, ताणून कुठेच दुखत नाही, दोन्ही बाजूंच्या बेरजा जुळल्या आहेत, आणि हात बाहेर फिरवण्याची ताकद आत फिरवण्याच्या ताकदीच्या निदान दोन तृतीयांश आहे. माझ्या मते पाऊण असेल तर जास्त चांगलं. ताकद अंदाजाने नको, हातात धरायच्या मोजयंत्राने. हे जमलं की फेक. आधी हलका चेंडू भिंतीवर, जागेवरून, निम्म्या जोराने: २५ फेकी, दहा मिनिटं विश्रांती, पुन्हा २५. दिवसाआड. मग भाला हातात, पण उभ्याने, दहा-पंधरा मीटरवर जमिनीत रुतवायचा. मग तीन पावलं, मग पाच, मग अर्धी धाव, शेवटी पूर्ण धाव. प्रत्येक पायरीवर किमान तीन दिवस बिनदुखीचे गेले तरच पुढची. स्नायू भरून आल्यासारखे दुखले आणि दुसऱ्या दिवशी ओसरले तर हरकत नाही. सांध्याच्या आत खोलवर दुखलं, किंवा दुसऱ्या दिवशीही राहिलं, तर एक पायरी खाली. या सगळ्याला अजून सहा ते आठ आठवडे लागतात.

या टप्प्यात प्रशिक्षकांनी बाजूने आणि मागून मोबाइलवर संथ गतीचं चित्रण करावं. तीनच गोष्टी बघायच्या: डावा पाय टेकण्याआधी छाती उघडते का, भाला ओढताना कोपर खांद्याच्या खाली पडतं का, आणि डावा गुडघा वाकतो का. तुझा खांदा कशामुळे चिमटतो याचं उत्तर बहुतेक त्या चित्रणात मिळेल. ते न बदलता केलेले सगळे व्यायाम सहा महिन्यांत वाया जातात.

आता शस्त्रक्रिया. तीन महिने खरोखर वर लिहिल्यासारखं काम झालं, कधी मी सहाही महिने थांबतो, आणि तरी फेकता येत नाही, तर दुर्बिणीतून आत बघणं रास्त आहे. पण आत गेल्यावर काय करायचं यावर तुझं पुढचं आयुष्य अवलंबून आहे, म्हणून हे नीट वाच.

दोन पर्याय असतात. एकात टेंडनचे उसवलेले, लोंबणारे धागे फक्त साफ करतात, लॅब्रमची सैल कड नीट करतात आणि बाहेर येतात. दुसऱ्यात चीर हाडाला अँकर (हाडात बसवायची छोटी खुंटी) आणि टाक्यांनी शिवतात. ऐकायला दुसरा पर्याय पक्का वाटतो. फाटलंय तर शिवा, कुणालाही असंच वाटेल, मलाही वाटायचं. सतरा-अठरा वर्षांपूर्वी एक क्रिकेटपटू मुलगा आला होता, सीमारेषेवरून थेट यष्टीवर फेकणारा. निम्मी जाडी गेली होती. मी ती सुंदर शिवली. सहा महिन्यांनी एमआरआयमध्ये टेंडन अखंड दिसलं, दुखणं शून्य, आणि हात मागे फिरणं बारा अंशांनी कमी. तो आजही मला भेटतो, त्याला काही त्रास नाही. पण त्याचा तो थ्रो कधीच परत आला नाही. शस्त्रक्रिया यशस्वी झाली आणि खेळाडू संपला, याची जबाबदारी माझी होती. फेकणाऱ्याला हात मागे जाण्यासाठी जी ढील लागते, ती टाक्यांनी ओढून घेतली जाते. पडद्याला दुरुस्तीत चुणी घातली की तो आखूड होतो, तसं.

मोठ्या मालिकांचे आकडेही याच बाजूचे आहेत. अमेरिकेतल्या अँड्रयूज यांच्या गटाने २००८ मध्ये लहान अर्धवट चिरा फक्त साफ केलेल्या व्यावसायिक पिचरांची माहिती दिली: पाठपुरावा झालेल्या ६७ पैकी ५१ जण व्यावसायिक पिचिंगला परतले, ३७ जण आधीच्या किंवा त्याहून वरच्या पातळीवर. याच गटाने २००६ मध्ये पूर्ण फाटलेली टेंडन शिवलेल्या खेळाडूंची माहिती दिली होती. फेकणाऱ्या हाताचं टेंडन शिवलेल्या १२ पिचरांपैकी वरच्या पातळीवर परतला एक. पूर्ण आणि अर्धवट चिरेची सरळ तुलना करता येत नाही हे मला माहीत आहे. आणि साफ करूनही ६७ पैकी ३० जण जुन्या पातळीला पोचले नाहीत, हेही विसरू नकोस. तरी फेकणाऱ्याच्या टेंडनला टाका घालताना हात आखडता घ्यायचा, एवढं त्यातून मी शिकलो. सर्वसाधारण माणसात निम्म्याहून जास्त जाडी गेली की शिवा म्हणतात. फेकणाऱ्यांत काही अनुभवी शल्यविशारद पाऊण जाडीपर्यंतही फक्त सफाई करतात. तुझी ४० टक्के आहे.

खांद्यावरचं हाड 'थोडं घासून जागा करू' असंही कुणी म्हणेल. त्याला नाही म्हण. तुझं टेंडन वरच्या हाडाखाली चिमटत नाही, आत वाटीच्या कडेला चिमटतं. १९८५ मध्ये टिबोन यांनी ही शस्त्रक्रिया केलेल्या खेळाडूंचा निकाल दिला, त्यात फेकणाऱ्या १८ जणांपैकी पूर्वीच्या दर्जाला चारच परतले. संमतीपत्रावर सही करण्याआधी डॉक्टरांना सरळ विचार: आत गेल्यावर टाका घालण्याची तुमची मर्यादा काय? हाड घासणार का? फेकणारे किती खेळाडू तुमच्याकडून परत खेळले? चांगला डॉक्टर या प्रश्नांनी रागावत नाही. सफाईनंतर साधारण तीन-चार महिन्यांनी फेक सुरू होते. टाके घातले तर चार ते सहा आठवडे हात झोळीत, पाच-सहा महिन्यांनी पहिली फेक आणि स्पर्धेला नऊ ते बारा महिने.

'भाला सोडून दे' म्हणणाऱ्या डॉक्टरांवर रागावू नकोस. त्यांनी तुझा खांदा पन्नाशीतल्या माणसाच्या खांद्याच्या हिशेबाने बघितला असावा. रोजच्या कामाला, अभ्यासाला, पुढे संसाराला या चिरेने काही अडत नाही, हे त्यांच्या बोलण्यातलं खरं आहे.

राहिली विद्यापीठाची स्पर्धा. सहा आठवडे बंद, पुढे सहा-आठ आठवडे पायऱ्या, म्हणजे कागदावर तुझ्याकडे दोन-चार आठवडे उरतात. मी माझ्या मुलीला पाठवलं नसतं. पहिली पूर्ण जोराची फेक स्पर्धेत, थंडीत, नाव पुकारल्यावर घाईने टाकायची, यासाठी तो खांदा तेव्हा तयार नसेल. प्रशिक्षकांशी आत्ताच बोलून या वर्षीच्या यादीतून नाव काढ आणि पुढच्या हंगामातली पहिली स्पर्धा ठरव. सहाव्या आठवड्याची मोजमापं, लॅब्रमची ओळ आणि ते चित्रण मला पाठव. चेंडूने सुरुवात करायची की आणखी दोन आठवडे थांबायचं, ते बघून सांगतो.